जागेला विचारून बांधलेले घर

(मार्केट यार्ड, पुणे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मार्केट यार्डात बसून घराविषयी बोलायचे, तर प्रारंभ मालापासून करणे उचित ठरेल. या यार्डात पहाटेच्या अंधारात ज्या गाड्या येऊन लागतात, त्यांतील मालाचे गाव मुरलेल्या आडत्याला सहसा विचारावे लागत नाही. पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ, सासवडकडचा वाटाणा, मावळ-मुळशीचा आंबेमोहर, भोरचा तांदूळ. प्रत्येक जिन्नस आपल्याबरोबर आपली माती, आपले पाणी आणि आपली हवा घेऊन येतो. सीताफळाला निचऱ्याची, मुरमाड, हलकी जमीन मानवते. भाताला खाचरात उभे राहिलेले पाणी लागते. जेजुरीच्या माळावर भाताची रोपे लावणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतील, हे या सभागृहात कोणाला समजावून देण्याची आवश्यकता नाही.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुण्यातील सुस्थित कुटुंबांनी याच तालुक्यांत जमिनी घेतल्या. त्यांत व्यापारी आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, मुले परदेशी असलेले आईवडील आहेत. शहराबाहेर, डोंगराच्या कुशीत एक घर असावे ही इच्छा अत्यंत स्वाभाविक आहे आणि तिच्यात गैर काहीही नाही. परंतु पिकांच्या बाबतीत जो विवेक आपल्या रक्तात आहे, तो घर बांधताना कोठे जातो हे कळत नाही. मुळशीत बांधलेले घर आणि सासवडच्या पुढे बांधलेले घर शेजारी-शेजारी ठेवली, तर कोणते कोठले हे ओळखता येणार नाही. पश्चिमेला मोठी काच, वर सपाट स्लॅब, पुढे हिरवळ, भोवती सात फुटांची भिंत. पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीच्या दिशेने जावे तसा तो वाढत जाऊन कित्येक हजार मिलिमीटरवर पोहोचतो आणि जेजुरीच्या दिशेने जावे तसा पुण्याहूनही कमी होतो. अवघ्या शे-सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात आकाश एवढे बदलते. छप्पर मात्र तेच राहते.

याचे कारण असे की, घराचा आराखडा जागा पाहण्यापूर्वीच मनात पक्का झालेला असतो. कोठल्या तरी चित्रात पाहिलेले, कोणा आप्ताकडे पाहिलेले एक घर असते. मग त्या घराला साजेशी जमीन तयार करण्याचे काम सुरू होते. पहिला पाहुणा म्हणून त्या जागेवर जेसीबी येतो.

या सपाटीकरणाचा हिशेब थोडा खोलात जाऊन पाहिला पाहिजे. समजा, घरासाठी पन्नास फूट खोलीची जागा निवडली आणि तेथे पाचास एक असा उतार आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असा उतार नित्याचाच. म्हणजे मागची कड पुढच्या कडेपेक्षा दहा फुटांनी उंच आहे. ही जागा सपाट करायची, तर मागच्या अंगाला पाच फूट डोंगर खणायचा आणि तीच माती पुढच्या अंगाला पाच फूट भरायची. झाले, मैदान तयार. पण त्या मैदानाचा अर्धा भाग शतकानुशतके बसलेल्या घट्ट मुरमावर आहे आणि अर्धा भाग काल टाकलेल्या भुसभुशीत मातीवर. दोन-तीन पावसाळे गेले की भरावाची माती खचते आणि घराला मधोमध तडा जातो. मागे डोंगराची जी कातरलेली उघडी बाजू राहते, तिच्यातून पाणी झिरपू लागते. म्हणून तेथे संरक्षक भिंत. त्या भिंतीला पाणी बाहेर पडण्यासाठी छिद्रे ठेवावी लागतात, ती ठेवली नाहीत तर पाण्याच्या दाबाने भिंतच पुढे येते. शेवटी हिशेब केला, तर घरापेक्षा घराच्या बचावासाठी अधिक पैसा गेलेला असतो. तेच घर तीन-तीन फुटांच्या अंतराने तीन-चार पातळ्यांवर, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत नेले असते, तर मातीला जवळजवळ हात लावावा लागला नसता. स्वयंपाकघर वर, बैठक तीन फूट खाली, शयनगृहे त्याच्या खाली. भोर-मुळशीतील भाताची खाचरे अशीच तर उतरत येतात. वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांचा प्रश्न उपस्थित होईल, तो रास्तही आहे. त्यांची खोली, देवघर आणि न्हाणीघर एकाच पातळीवर घेतले की तो सुटतो.

हा केवळ एका कुटुंबाच्या खर्चाचा प्रश्न असता, तर त्यासाठी जाहीर व्याख्यानाची आवश्यकता नव्हती. डोंगर कापला की डोंगरावरून येणारे पाणी आपली वाट बदलते आणि ज्याने डोंगर कापला त्याच्या अंगणात ते थांबत नाही. जून २०१३ मध्ये पुणे-सातारा रस्त्यावर, कात्रजच्या जुन्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात रस्त्यावरील एक मोटार सापडली आणि एक माता आपल्या चिमुकल्या मुलीसह वाहून गेली. डोंगरफोड करून ओढ्याचे नैसर्गिक मार्ग बुजवल्याची गोष्ट त्यानंतर चव्हाट्यावर आली. त्या मायलेकींचे त्या डोंगराशी काय देणेघेणे होते? पुढच्याच वर्षी, ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि १५१ जणांचा अंत झाला. अतिवृष्टी हे तेथील तात्कालिक कारण. परंतु उतारावरील सपाटीकरणाचीही त्या वेळी गंभीर चर्चा झाली. आणि २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र तर या परिसरातील लोकांच्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाही. कात्रजच्या डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, आंबिल ओढा पात्राबाहेर पडला आणि अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या पट्ट्यात पाणी घराघरांत शिरले. त्या रात्री शहर आणि परिसरात वीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. हाच ओढा नानासाहेब पेशव्यांच्या काळात वळवला गेला, पर्वतीच्या पायथ्याचे तळे त्याच्या पाण्यावर झाले आणि कात्रजच्या तलावातून नळाने शहरातील हौदांना पाणी पोहोचवले गेले. त्या काळच्या लोकांनीही निसर्गात हस्तक्षेप केला होता, हे विसरता कामा नये. मात्र ओढ्याची वाट बदलताना त्याला दुसरी वाट करून दिलेली होती.

आता कोणी म्हणेल की, आपल्याकडे वास्तुशास्त्र आहेच आणि ते पाहिल्याशिवाय हल्ली कोणी वीट लावत नाही. खरे आहे. पण जे वास्तुशास्त्र म्हणून बाजारात विकले जाते, ते आणि जे ग्रंथांत आहे ते, यांची गाठ क्वचितच पडते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत किंवा मयमतासारख्या ग्रंथात घराची गोष्ट भूपरीक्षेने सुरू होते. हातभर खोल खड्डा खणावा, त्यातीलच माती पुन्हा त्यात भरावी. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, खड्डा पूर्ण भरला नाही तर ती जमीन टाळावी. तोच खड्डा पाण्याने भरावा आणि काही वेळाने किती पाणी शिल्लक राहते ते पाहावे. मातीचा घट्टपणा आणि निचरा तपासण्याची ही रीत आजच्या प्रयोगशाळेतील चाचणीची आजी म्हणावी अशी आहे. बृहत्संहितेत तर भूगर्भातील पाण्यासाठी दकार्गल नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. कोणते झाड, कोणत्या दिशेला वारूळ, कोणत्या रंगाची माती यांवरून पाणी किती खोल असेल याचे ठोकताळे त्यात बांधले आहेत. ते सगळेच आज कसोटीला उतरतील असे नव्हे. पण त्या माणसांनी जमिनीकडे वाकून पाहिले होते. आजचा सल्लागार जमीन न पाहता नकाशावर होकायंत्र ठेवतो आणि स्वच्छतागृह हलवायला सांगतो. पाणी ईशान्येला असावे हा नियम सर्वांना पाठ असतो. परंतु जमिनीचा उतार नैर्ऋत्येकडे असेल, तर ईशान्येच्या टाक्यात पाणी चढवायचे कोणी, हा प्रश्न विचारला की आरसे आणि पिरॅमिड पुढे येतात. शास्त्राची अप्रतिष्ठा परकीयांनी जितकी केली नसेल, तितकी या दुकानदारीने केली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

छत्रपतींच्या राज्यकारभाराची परंपरा ज्यात शब्दबद्ध झाली, ते रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभीचे. दुर्गबांधणीविषयी त्यात जी शिस्त सांगितली आहे, ती शेतघर बांधणाऱ्याने अवश्य वाचावी. आधी पाणी पाहावे आणि मग किल्ला बांधावा. पाणी नसेल आणि ते स्थळ तर अवश्य हवे असेल, तर खडक फोडून टाकी करावीत. एका झऱ्यावर विसंबून राहू नये. झाडांविषयी तर अमात्यांची दृष्टी अधिकच हृद्य आहे. आरमाराला लाकूड लागते, आंबा-फणसाचे लाकूडही उपयोगी पडते. पण त्या झाडांना हात लावू देऊ नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. लढाईच्या धामधुमीतले राज्य आंब्याच्या झाडापुढे थांबते आणि आपल्या घराचा गाडीतळ मात्र थांबत नाही, हे काही भूषणावह नाही.

पुण्याच्या माणसाने गावाकडे बांधलेल्या घराचा एक उत्तम नमुना वाईजवळ मेणवलीला आजही उभा आहे. नाना फडणवीसांना हे गाव १७६८ मध्ये औंधचे प्रतिनिधी आणि मंत्री घराणे यांच्याकडून मिळाले. कृष्णेच्या काठी त्यांनी सहा चौकांचा वाडा बांधला, चंद्रकोरीसारखा घाट बांधला, मेणेश्वराचे आणि विष्णूचे मंदिर उभारले. वसईच्या विजयानंतर आणलेली, १७०७ हे वर्ष कोरलेली मोठी घंटा तेथे आहे आणि पर्यटक बहुधा तीच पाहून परततात. २००४ च्या ‘स्वदेस’ चित्रपटामुळे तो घाट घरोघरी पोहोचला. पण घर बांधू इच्छिणाऱ्याने तेथे जावे ते वाडा आणि नदी यांच्यातील अंतर पाहण्यासाठी. नदी एवढी रम्य, म्हणून नानांनी आपली बैठक पाण्याला चिकटवून बसवली नाही. मध्ये घाट आहे. त्या पायऱ्या म्हणजे नदीला वर-खाली होण्यासाठी सोडलेली हक्काची जागा. उन्हाळ्यात ती खाली असते, पावसाळ्यात पायऱ्या चढून वर येते, पुन्हा उतरते. आणि माणसाला कोणत्याही ऋतूत तिच्यापर्यंत जाता येते. वाड्यातील चौक उष्ण हवा वर सोडतात आणि आतल्या दालनांना उजेड देतात. जाड भिंतींतून दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. भर वैशाखात त्या भिंतींच्या आत शिरल्यावर अंगाला जे जाणवते, त्यासाठी वेगळे यंत्र लावलेले नाही. आजकाल पवना, पानशेत, मुळशी या जलाशयांच्या अगदी कडेला घरांची जी चढाओढ लागली आहे, तिच्यापुढे मेणवलीचे हे अंतर ठेवून पाहावे.

ऊन आणि वारा यांचेही थोडे गणित आहे. पुणे साडेअठरा अक्षांशावर. १३ मेच्या आसपास येथे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य दुपारी बारा वाजताही दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. याचा अर्थ असा की, दक्षिणेची भिंत ही मित्र आहे. सात फूट उंच दारावर तीन फुटांची पडवी काढली, तर डिसेंबरात दाराच्या वरच्या सव्वातीन फुटांवर सावली राहते आणि उरलेल्या पावणेचार फुटांतून कोवळे ऊन घरात येते. मे महिन्यात त्याच दारातून दुपारचे ऊन आत येत नाही. एक पडवी, आणि दोन्ही ऋतूंचे समाधान! शत्रुत्व आहे ते पश्चिमेशी. मार्च ते मे दुपारी तीननंतरचे ऊन तिरपे येते, त्याला पडवी पुरत नाही. त्या बाजूला भिंत जाड हवी, खिडक्या लहान हव्यात, कोठीघर किंवा जिना असावा आणि बाहेर कडुनिंब, करंज यांसारखी झाडे असावीत. पण डोंगर आणि सूर्यास्त बहुधा पश्चिमेला दिसतो, म्हणून नेमकी तेथेच मोठी काच बसते. मग काचेला पडदा, पडद्याआड वातानुकूलन यंत्र. ज्या देखाव्यासाठी घर बांधले तो देखावा उन्हाळाभर पडद्याआड असतो. मावळात आणि मुळशीत पावसाची झडही त्याच अंगाने येते. तेथे उतरते, खोल वळचणीचे कौलारू छप्पर हाच मार्ग. पुरंदरच्या कोरड्या अंगाला सपाट छतही चालते, तेथे उन्हाळी रात्री गच्चीवर झोपता येते. ओटी, पडवी, माजघर, परस हे शब्द केवळ आजीच्या गोष्टींतले नाहीत. बाहेरचे ऊन-पाऊस आणि आतला निवारा यांच्यामध्ये ठेवलेली ती एकेक पायरी आहे.

आधुनिक घर असे होऊ शकत नाही काय? अवश्य होऊ शकते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात, बेअर रन नावाच्या ओढ्यावर फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने १९३०च्या दशकात ‘फॉलिंगवॉटर’ हे घर बांधले. घरमालक काउफमन हे पिट्सबर्गमधील मोठे दुकानदार. व्यापारी माणसाची निसर्गाची ओढ ही काही पुण्याचीच मिरास नव्हे. कुटुंब ज्या खडकावर ऊन खात बसे, तो खडक राइटनी फोडला नाही. तो बैठकीच्या खोलीत, चुलाण्यापाशी जमिनीतून वर आलेला दिसतो. एका झाडासाठी तुळईला वळण दिले. काँक्रीटच्या तरंगत्या गच्च्या धबधब्यावर आल्या. त्या घराची कीर्ती जगभर झाली आणि २०१९ मध्ये राइटच्या अन्य वास्तूंसह ते जागतिक वारशाच्या यादीतही गेले. परंतु त्या गच्च्या सुरुवातीपासूनच वाकू लागल्या, त्यांचे टोक सुमारे सात इंच खाली आले आणि २००२ मध्ये पोलादी तारांनी ताणून त्या सावराव्या लागल्या. झाडापुढे नम्र झालेला प्रतिभावंत गुरुत्वाकर्षणापुढेही थोडा नम्र झाला असता, तर बरे झाले असते!

या राइटच्या आश्रमवजा शाळेत आपल्याकडचा एक तरुण सुमारे पाच वर्षे राहिला होता. सुरतेच्या पारशी कुटुंबात १९३४ मध्ये जन्मलेला नारी गांधी. १९६४ मध्ये तो भारतात परतला. त्याने कार्यालय थाटले नाही, आराखड्यांच्या भेंडोळ्या बाळगल्या नाहीत. जागेवर जायचे, गवंडी, सुतार आणि पाथरवट यांच्यात उभे राहायचे आणि घर वाढवत न्यायचे, ही त्याची रीत. लोणावळा आणि रेवदंड्याच्या परिसरात त्याची घरे आहेत. दगडी कमानी, विटांच्या वळणदार भिंती, उतरती मोठी छपरे, झाडाला सामावून घेणारे अंगण. १९९३ मध्ये अपघातात त्याचे निधन झाले. पाश्चात्त्य गुरूकडून शिकून आलेल्या या माणसाने गुरूची नक्कल केली नाही. तो कोकणच्या आणि मावळच्या दगडाकडे वळला, ही त्याची मोठी मिळकत. घराचे साहित्य पाच मैलांच्या परिघातले असावे, हा महात्मा गांधींचा आग्रह होता. जन्माने इंग्रज असूनही भारताचे नागरिकत्व घेतलेले लॉरी बेकर केरळात त्याच वाटेने गेले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुने ते सर्व निर्दोष, असे मानण्याचा मोह आपल्याकडे प्रबळ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जी घरे कोसळली, ती आपल्याच परंपरेतली होती. गोलसर दगड मातीत रचलेल्या जाड भिंती, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यासाठी ती उत्तम होती, परंतु भूकंपात त्याच भिंती आणि तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आले आणि आठ हजारांच्या आसपास लोक गेले. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू सांधणारे आडवे लांब दगड त्यांत नव्हते, चारी भिंती एकत्र बांधणारा पट्टा नव्हता. सह्याद्रीने १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप पाहिला आहे. म्हणून दगडाचे घर बांधताना ठराविक अंतरावर सांधे-दगड घालावेत आणि जोत्याच्या, दारांच्या वरच्या व छताच्या पातळीवर सलग काँक्रीटचा पट्टा फिरवावा. सिमेंट आणि लोखंड हे अस्पृश्य नव्हेत. ते जेथे हवे तेथे, हवे तेवढे वापरावे, एवढेच.

पाण्याकडे पुन्हा यावे लागेल. हजार चौरस फुटांच्या छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ६५ हजार लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ५० हजार लिटरहून अधिक हाती राहते. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यास आणि स्वयंपाकास माणशी दहा लिटर धरले, तर कोरड्या आठ महिन्यांसाठी बारा हजार लिटर पुरतात. म्हणजे बारा-पंधरा हजार लिटरचे झाकलेले टाके केले की पुण्यासारख्या पावसातही पिण्याचे पाणी आपल्याच छपराचे. उलट पाच हजार चौरस फुटांची हिरवळ उन्हाळ्यात दिवसाला दोन हजार लिटर पिते, आणि ते पाणी येते बोअरवेलमधून. दोहन आणि शोषण यांतील भेद आपल्या विचारपरंपरेत वारंवार सांगितला जातो. वासराचे सोडून जे उरते ते दोहन. खालच्या वाडीची विहीर हे येथले वासरू आहे. आपण चारशे-पाचशे फूट खोल जाऊन हिरवळ भिजवायची आणि मार्चमध्ये त्या वाडीच्या बायांनी हंडे घेऊन टँकरची वाट पाहायची, हे समरसतेच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही.

गावाशी असलेले नाते कुंपणावरूनही कळते. भिंत घालताना पाणंद बंद होते, गुरांची वाट तुटते, ओढ्याच्या तोंडाशी दगड पडतात. कायदा मोजणीच्या खुणा पाहतो. गावाला मात्र त्या जागेतून कोण कोठून जात असे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. खुणेच्या आतही वाट सोडता येते. भिंतीऐवजी निवडुंग, सागरगोटा, करवंद यांची जिवंत कुंपणे पूर्वी असत, त्यांतून साप-ससेही जातात आणि पाणीही जाते. अनेक गावांच्या शिवेवर देवराई असते. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व शास्त्रीय भाषेत मांडले. गावाने मात्र ते देवाच्या नावाने आधीच जपले होते. देवराईच्या पाण्यावर जगणारे झरे आपल्या जमिनीतून जात असतील, तर तेथे पाया खणू नये. सकाळी उठल्यावर भूमीला पाय लावण्याआधी तिची क्षमा मागण्याचा संस्कार आपल्या घरांत आहे. क्षमा मागून झाल्यावर तिच्यावर पोकलेन चालवणे काहीसे विचित्र दिसते.

ज्यांनी जमीन घेतली आहे आणि घर अजून बांधलेले नाही, त्यांनी एक पावसाळा थांबावे. जुलैमध्ये, ऐन पावसात त्या जागेवर जावे. पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोठून बाहेर पडते, तेथे खुंट्या ठोकाव्यात. मोठ्या झाडांची जागा, त्यांचा घेर आणि सावली नकाशावर आधी मांडून घ्यावी. मे महिन्यात दुपारी तीन वाजता तेथे तासभर उभे राहावे आणि वारा कोठून येतो ते पाहावे. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारावे की, एकोणीस सालच्या पावसात येथे पाणी कोठवर आले होते. एवढे झाल्यावर वास्तुविशारदाकडे जावे आणि त्यालाही एकदा तेथे न्यावे. जो येण्यास तयार नसेल, त्याचा आराखडा कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

चुन्यात बांधायचे असेल, तर त्याची तयारी आधीपासून करावी लागते. चुना विरवून काही आठवडे भिजत ठेवावा लागतो, मग वाळू घालून घाणीत किंवा यंत्रावर मळावा लागतो. गूळ आणि हिरडा यांचे पाणी घातले की त्याची पकड वाढते, गिलाव्यात तागाचे तुकडे घातले की तडे कमी पडतात. गूळ याच यार्डाच्या गूळ-भुसार विभागात मिळतो, हिरडा काष्ठौषधींच्या दुकानात. चुन्याचे काम जाणणारे गवंडी मात्र थोडे उरले आहेत आणि जुन्या वाड्यांच्या, देवळांच्या दुरुस्तीत ते गुंतलेले असतात. दिवाळीनंतर काम काढायचे असेल, तर त्यांना गणपतीच्या सुमारासच गाठून ठेवावे.